मैत्रीण म्हणते, हा देवाचाच ठराव

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून ठाण्यात राहते. लहानपणी आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक बेने इस्राएल (मूळ कोकणातले ज्यू) कुटुंब राहत असे आणि त्यांची मुलगी माझी जिवाभावाची मैत्रीण होती. आम्ही सहावीत असताना ते सगळे इस्रायलला गेले. आधी पत्रे, मग फोन, अशी आमची मैत्री आजवर टिकली आहे. यंदा ती ठाण्याला आली होती. तिचा नातू युरोपात शिकतो आणि त्याने रस्त्यावर जाताना ज्यू पुरुष घालतात ती डोक्यावरची टोपी घालणे सोडून दिले आहे. हे सांगताना ती म्हणाली, ‘आमच्यावरचा द्वेष हा देवाचाच ठराव आहे, त्याचं कारण माणसांत शोधू नकोस.’ मला काहीच बोलता आले नाही. पुढे आमच्या वाचक मंडळात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘दोन हजार वर्षं सगळं जग उगाच द्वेष करील का? आगीशिवाय धूर निघत नाही.’ एक बाई म्हणाल्या, ‘मागच्या जन्मीचे भोग असतील.’ मला संताप आला, पण मी गप्प बसले. या द्वेषाची कारणे दैवी आहेत की मानवी? मंडळात मी काय बोलायला हवे होते, आणि मैत्रिणीला काय सांगू? तिला दुखवायची माझी इच्छा नाही.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी सरळ देते. ज्यूंचा द्वेष माणसांनी निर्माण केला, माणसांनी तो आपल्या मुलांना शिकवला आणि ज्यांना त्याचा उपयोग होता त्यांनी तो वेळोवेळी पेटता ठेवला, असे माझे ठाम मत आहे. हे मत कशावरून बनले ते सविस्तर सांगते, पण त्याआधी एक गोष्ट पाहा. तुम्हाला भेटलेली तिन्ही माणसे वेगवेगळे बोलली असे वाटते, तरी तिघांच्याही बोलण्याचा परिणाम एकच होतो : ज्याने दगड मारला तो माणूस चित्रातून निघून जातो. मैत्रिणीच्या वाक्यात त्याच्या जागी देव येतो, त्या बाईंच्या वाक्यात पूर्वजन्म येतो आणि त्या गृहस्थांच्या वाक्यात तर मार खाणाराच त्याच्या जागी आणून उभा केला जातो. मात्र मैत्रिणीचे बोलणे दुःखातून आले आहे आणि गृहस्थांचे बेफिकिरीतून, म्हणून दोघांशी बोलण्याची रीत एक असू शकत नाही.

मैत्रिणीचे वाक्य तिने मनाने रचलेले नाही. ज्यू परंपरेत ते फार जुने आहे. ज्या सिनाय पर्वतावर मोशेला धर्मशास्त्र मिळाले, त्या पर्वताच्या नावाशी हिब्रू भाषेतला ‘सिना’ म्हणजे द्वेष हा शब्द जुळतो, आणि त्यावरून तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात असे सांगितले आहे की इतर राष्ट्रांच्या मनात इस्राएलाविषयीचा द्वेष त्याच पर्वतावर उतरला. एसाव (याकोबाचा भाऊ, इथे इतर राष्ट्रांचे प्रतीक) हा याकोबाचा, म्हणजे इस्राएलाच्या मूळपुरुषाचा, द्वेष करतो हा ठरलेला नियमच आहे, असे एका प्राचीन रब्बींचे म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे वचन प्रसिद्ध आहे. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी जो पाठ म्हटला जातो त्यात, प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी आमचा नाश करायला उठतो आणि देव आम्हाला त्याच्या हातून सोडवतो, या अर्थाचे शब्द येतात. लहानपणापासून दरवर्षी हे ऐकत आलेल्या बाईला नातवाच्या उघड्या डोक्याकडे पाहून तेच आठवावे, हे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय या श्रद्धेत तिला एक मोठा आधार आहे. द्वेषाचे कारण देवाच्या योजनेत असेल, तर ते तिच्या नातवाच्या वागण्यात नाही, म्हणजे त्या मुलाने कोणाचे काही वाईट केलेले नाही. तिच्या वाक्यातला हा भाग पूर्णपणे खरा आहे आणि तो तुम्ही तिच्यापासून हिरावून घेऊ नका.

उरलेला भाग मात्र मला पटत नाही, आणि तो न पटण्याचे कारण तुम्ही दोघी ज्या चाळीत वाढलात त्या चाळीतच आहे.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ही मंडळी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवीत राहिली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले, आणि गावांवरून त्यांची आडनावे पडली : नवगावकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. ती मुलांची सुंता करीत, खवले नसलेले मासे खात नसत, आणि बाकी हिब्रू विसरल्यावरही ‘शमा’ची प्रार्थना त्यांच्या तोंडी राहिली होती. युरोपात ज्या वेगळेपणाकडे बोट दाखवून लोक म्हणत की द्वेष होणारच, ते सगळे वेगळेपण कोकणातही होते आणि कोणापासून लपलेले नव्हते. तरीही कोकणात कोणी त्यांच्यावर विहिरीत विष टाकल्याचा आळ घेतला नाही, मुलाला मारून त्याचे रक्त काढल्याची कथा रचली नाही, किंवा भिंत बांधून त्यांना आत कोंडले नाही. १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बांधले, ज्याला ही मंडळी जुनी मशीद म्हणत. पुढे याच समाजातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. देवाने सगळ्या राष्ट्रांच्या मनात एकदाच द्वेष घातला असता, तर तो नवगावला, पेणला, रोह्याला का उतरला नाही?

याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला, तो आला. पण तो जहाजातून आला, आणि ती जहाजे कोणाची होती हेही आपल्याला ठाऊक आहे. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात पोचले. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकलून दिले तेव्हा ते कुटुंब पोर्तुगालमध्ये आले, आणि १४९७ साली तिथल्या राजाने सक्तीचा बाप्तिस्मा घडवून सगळ्या ज्यूंना ‘नवे ख्रिस्ती’ करून टाकले. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जात, मुंबई बेट त्यांच्याकडे पट्ट्याने होते, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हिंग, वेलदोडा, आले, आंबा अशा इथल्या वस्तूंची माहिती इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारून नोंदवली. आपल्या भूमीविषयी इतक्या आस्थेने लिहिणारा तो युरोपीय माणूस होता. दरम्यान १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६८ साली ओर्ता वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला, ती चोरून ज्यू धर्म पाळते असा आरोप ठेवून, गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. याच न्यायालयाने पुढे गोव्यातल्या बाटलेल्या कुटुंबांना जुने रीतिरिवाज पाळल्याबद्दल किती छळले, हे गोव्याच्या वाचकांना मी सांगायला नको. १८१२ साली ते कायमचे बंद झाले, तेही हुकुमाने. जी गोष्ट राजाच्या हुकुमाने सुरू होते, हुद्देदारांच्या हातून चालते आणि हुकुमानेच थांबते, तिला दैवी म्हणायला माझे मन तयार होत नाही.

दुसऱ्यांदा हा द्वेष २६ नोव्हेंबर २००८ रोजी असाच समुद्रातून मुंबईत आला. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. ज्या तरुणांनी त्यांना मारले त्यांना ते घर आधी कोणी तरी हेरून दाखवले होते आणि पुढे काय करायचे ते समुद्रापलीकडून फोनवर सांगितले जात होते. जे फोनवर शिकवावे लागते ते उपजत नसते. आणि त्याच घरातून दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर धावत आलेल्या त्याच्या दाई, सँड्रा सॅम्युअल, धर्माने ज्यू नव्हत्या.

इथे स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो, आणि तो मी तुम्हाला आवर्जून टाळायला सांगते. ज्या कुलाबा जिल्ह्याने शनिवार तेल्यांना सुखाने राहू दिले, त्याच जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. बेने इस्राएलांच्या आतसुद्धा गोरे आणि काळे असा भेद पाळला जात असे. कोकणची माणसे द्वेष करू शकत नव्हती असे मुळीच नाही. एक द्वेष त्यांच्या हाडीमाशी मुरलेला होता आणि दुसरा त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. माझ्या मते ज्यूंच्या द्वेषाचे मूळ माणसांत असल्याचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही.

‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणणाऱ्या बाईंना उत्तर देण्यासाठीही महाडच उपयोगी पडेल. हेच वाक्य आपल्याकडे शतकानुशतके अस्पृश्यांना ऐकवले गेले, आणि ऐकवणारे स्वतःला निष्ठुर समजत नसत, उलट आपण शास्त्र सांगतो आहोत असे समजत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना तिला काळ नेमून दिला : इसवी सन ४०० च्या सुमारास ती सुरू झाली असे त्यांचे म्हणणे होते. त्या सनावर विद्वानांनी वाद घातले आहेत, पण त्यांनी जो प्रश्न विचारला तो आपण ज्यूंच्या बाबतीतही विचारला पाहिजे. हे केव्हा सुरू झाले, कुठे, आणि त्यात कोणाचा लाभ होता? ज्याला सुरुवातीचा सन आहे ते अनादि नाही आणि ज्याचा लाभ कोणाला तरी झाला ते भोग नाहीत. त्या बाईंशी सौम्यपणे बोला. बहुधा त्यांनी कधी विचारच केलेला नसेल.

आता धुराविषयी. त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारा : तुम्ही कोणत्या गावच्या आणि कोणत्या सालच्या धुराविषयी बोलता आहात? या द्वेषाचे समर्थन नेहमी ‘सगळीकडे’ आणि ‘नेहमीच’ या दोन शब्दांवर उभे असते. गाव आणि साल विचारले की ते डळमळते. त्यांना सुचले नाही तर तुम्ही सुचवा, स्ट्रासबुर्ग, १३४९.

१३४८ साली युरोपात प्लेगचा कहर सुरू झाला आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली. सव्हॉयमधल्या शिल्लों किल्ल्यात काही ज्यूंचे हाल करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले आणि त्यांच्या नकला इतर शहरांना धाडल्या गेल्या. स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग अजून पोचलाही नव्हता. ज्यांनी ज्यूंना पाठीशी घातले ते नगरप्रमुख आधी सत्तेवरून दूर केले गेले, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, शनिवारी, शेकडो ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी माच उभारून त्यावर जाळण्यात आले. जे बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले ते वाचले. त्यानंतर काय झाले तेही गृहस्थांना सांगा. ज्यूंकडे असलेली गहाणे धन्यांना परत मिळाली, कर्जे रद्द झाली आणि रोकड कारागिरांत वाटली गेली. त्या शहराच्या बखरकारानेच लिहून ठेवले की ज्यूंचा जीव घेतला तो पैशाने. ते गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते, तर जाळले गेले नसते.

आणि हे सगळे त्या काळच्या लोकांना कळत नव्हते, असेही म्हणता येत नाही. आव्हीन्यों इथे राहणारे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ सालीच फर्मान काढून बजावले होते की प्लेगने ज्यूही मरत आहेत आणि जिथे एकही ज्यू राहत नाही अशा मुलखांतही प्लेग आहे, तेव्हा हा आरोप खरा असू शकत नाही. हा माणूस ख्रिस्ती जगाचा धर्मप्रमुख होता आणि साध्या तर्काने बोलत होता. त्यांच्या अंमलाखालच्या आव्हीन्योंत ज्यू सुरक्षित राहिले. एकाच साथीत, एकाच धर्माच्या लोकांत, एका शहरात माणसे जाळली जातात आणि दुसऱ्यात वाचवली जातात, तेव्हा फरक पडतो तो सत्ता कोणाच्या हाती आहे यामुळे.

गृहस्थ म्हणतील, ज्यू सावकारी करीत होते, मग लोक चिडणारच. हा मुद्दा झटकून टाकू नका, कारण त्यात थोडे तथ्य आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक ठिकाणी ज्यूंना कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता, जमीन धारण करणे अवघड होते, ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे चर्चने निषिद्ध ठरवले होते आणि राजांना तर पैसा हवाच असे; म्हणून काही ज्यू सावकारीत लोटले गेले आणि राजे त्यांच्यावर कर लादून तो पैसा स्वतःकडे ओढत राहिले. पण सावकारावरचा राग म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि खतपत्रांची होळी केली. तो राग खरा होता आणि सरकारलाही चौकशी नेमून १८७९ साली कायदा करावा लागला. परंतु त्या दंग्यात लोकांचा रोख कागदांवर होता, सावकारांच्या जिवावर क्वचितच बेतले. याच्या शेजारी इंग्लंडमधले यॉर्क ठेवा. मार्च ११९० मध्ये, ईस्टरआधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारी रात्री, तिथल्या किल्ल्याच्या बुरुजात आसरा घेतलेले सुमारे १५० ज्यू मेले. कित्येकांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरण पत्करले. मग जमावाचे म्होरके, ज्यांतले काही स्वतः कर्जबाजारी होते, मुख्य चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेली कर्जाची कागदपत्रे त्यांनी जाळली. सुप्यालाही कागद जळले आणि यॉर्कलाही जळले, मग यॉर्कला एवढी माणसे का मेली? कारण यॉर्कच्या माणसांना लहानपणापासून चर्चमध्ये ऐकवले जात होते की या लोकांनी ख्रिस्ताला मारले आणि त्याचे रक्त त्यांच्या मुलाबाळांवर आहे, आणि त्याच सुमाराला त्यांचा राजा क्रुसेडवर म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावर निघाला होता. कर्जाने राग दिला. मारायला हरकत नाही हे मात्र शिकवणुकीने सांगितले.

अशी शिकवणूक किती काळ टिकते, हे पाहून मी स्वतः हादरून गेले आहे. निको फॉइगटलेंडर आणि हान्स-योआखिम फोट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे की प्लेगच्या काळात ज्या जर्मन गावांनी आपल्या ज्यूंना मारले, त्या गावांत जवळपास ६०० वर्षांनी, १९२० च्या दशकात, ज्यूंवर हल्ले होण्याचे प्रमाण अधिक होते आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतेही अधिक पडली. तुमची मैत्रीण म्हणेल, पाहा, हे दैवीच आहे. पण त्याच अभ्यासात हेही आढळले की जी शहरे दूरदूरच्या व्यापारात गुंतलेली होती, जिथे परक्यांची ये-जा होती, तिथे हा वारसा क्षीण झाला होता. हा द्वेष घरातल्या बोलण्यातून, सणांच्या गोष्टींतून, चर्चच्या भिंतीवरच्या चित्रांतून पुढे जात होता, आणि जिथे रोज नव्या माणसांशी गाठ पडे तिथे तो विरत होता.

‘उपजतच माणसाला परका नकोसा वाटतो, म्हणून हे नैसर्गिक आहे’ असे म्हणणाराही मंडळात कोणी तरी निघेल. परक्याविषयी संशय ही माणसाची खोड असेलही, पण ती खोड ज्यूंचे नाव घेत नाही. १०८४ साली जर्मनीतल्या स्पायर शहराच्या बिशपने ज्यूंना मुद्दाम बोलावून वसवले, त्यांच्या येण्याने शहराचा मान हजारपटीने वाढेल असे सनदेत लिहून दिले, आणि अवघ्या बारा वर्षांनी, १०९६ साली, पहिल्या क्रुसेडच्या टोळ्यांनी त्याच ऱ्हाइन नदीकाठी वर्म्स आणि माइन्त्समध्ये ज्यूंच्या वस्त्या उद्‌ध्वस्त केल्या. निसर्ग बारा वर्षांत बदलत नाही. आणि आरोपही पाहा : धर्माचा आधार कमी होऊ लागला तेव्हा १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार याने त्याच द्वेषाला वंशाचे नाव दिले, १९०३ साली रशियन वर्तमानपत्रात ज्यूंच्या जागतिक कटाचा बनावट मजकूर छापला गेला, १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने तो तिसऱ्या नेपोलियनवरच्या एका फ्रेंच टीकालेखनातून चोरलेला असल्याचे सप्रमाण दाखवले, आणि तरीही तो आज वाचला जातो. ज्यूंना एकाच वेळी भांडवलदारही म्हटले गेले आणि साम्यवादीही. आपल्या फुटपाथांवर हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून हौसेने विकत घेतले जाते, तेव्हा मला मनापासून भीती वाटते, कारण साठ लाख माणसांच्या हत्येकडे नेणारी विचारसरणी त्या पानांवर उघडउघड लिहिलेली आहे आणि जो द्वेष कोकणाला कधी ठाऊक नव्हता तो आपण पैसे मोजून घरी आणतो आहोत.

आता पुन्हा मैत्रिणीकडे येते. तिच्याशी देवाविषयी वाद घालू नका. देवाने हे होऊ का दिले, हा तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न आहे आणि त्यात आपण पडण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे कोणी केले, हा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. तिला एवढेच सांगा की ठराव देवाचा असेल असे तुला वाटत असले, तरी त्याची अंमलबजावणी करणारी माणसे होती आणि त्यांना नाही म्हणता येत होते, कारण काहींनी तसे म्हटले. तिला १९६५ सालची गोष्ट सांगा. २८ ऑक्टोबरला व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीर केले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट लावता येत नाही आणि आजच्या ज्यूंवर तर मुळीच नाही. शतकानुशतके ज्या आरोपाने माणसे मारली, तो मागे घेता येतो, मतदान करून मागे घेता येतो. द्वेष संपला असे मी म्हणत नाही; तिच्या नातवाची टोपी खिशात आहे, हे मला ठाऊक आहे. पण हा ठराव बदलता येणारच नाही असे आजीने मानले, तर नातवाने काय मानावे? सालो बॅरन या थोर ज्यू इतिहासकाराने १९२८ सालीच आपल्या लोकांना विनवले होते की आपला इतिहास केवळ रडगाणे म्हणून वाचू नका. हे तिला कदाचित परक्याच्या तोंडून ऐकायला आवडणार नाही, म्हणून बॅरनचे नाव घेऊनच सांगा.

नातवाला शौर्याचे धडे देऊ नका, टोपी घालायची की नाही ते त्याला ठरवू द्या. त्याच्याशी कोणी इस्रायल सरकारच्या धोरणावरून वाद घातला, तर तो वाद वेगळा आहे आणि तसा वाद घालण्याचा कोणालाही अधिकार आहे. परंतु रस्त्याने जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला केवळ तो ज्यू आहे म्हणून त्या सरकारचा जाब विचारणे, हा तोच जुना आळ आहे, आणि त्याची तक्रार त्याने विद्यापीठात नोंदवली पाहिजे, हे मात्र आजीने त्याला निक्षून सांगावे.

तुम्ही तिला पत्र लिहा. फोनवर अशा गोष्टी अर्ध्यात तुटतात. मराठीत लिहा, आणि सुरुवात चाळीपासून करा : तुमच्या आईने तिच्या आईला शनिवारी चूल पेटवायला मदत केली असेल, तिच्या घरचा मलिदा तुमच्या घरी आला असेल, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने ठेवलेल्या ताटातली फळे तुम्ही खाल्ली असतील. जे आठवेल ते लिहा, आणि तिच्या आजीला कोकणात कधी कोणी दगड मारल्याचे ऐकले होते का, तेही विचारा. उत्तर काय येईल ते मी गृहीत धरत नाही. पुढच्या वेळी ती आली की दोघी मिळून अलिबागला जा, तिथून नवगावच्या जुन्या दफनभूमीपर्यंत. निघण्याच्या आदल्या दिवशी पोहे, ओले खोबरे, गूळ, मनुका आणि पाच फळे आणून ठेवा आणि मलिदा तिच्याकडूनच करून घ्या. पोहे किती वेळ भिजवायचे ते तुम्ही विसरला असाल.